कावळ्याला दिलेला शब्द

मेलेला माणूस परत आला की आनंद व्हावा, एवढं मलाही कळतं. पण माझ्या बहिणीचा नवरा रुपराव महाल वस्तीतल्या स्वतःच्याच घराच्या ओसरीवर पाहुण्यासारखा बसलेला पाहिला आणि मला आधी रागच आला.

तुर्कांविरुद्धच्या लढाईत तो पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेला आणि पत्रं थांबली. पलटणीतून परतलेल्या एकानं तो मेल्याचं सांगितलं. आम्ही पळसाच्या पानांचा पुतळा करून नाग नदीवर जाळला. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी माझी बहीण सत्यवतीच पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "तुमच्या मायले मी सोडणार नाही." कावळा तडक खाली उतरला. तिला माहेरी सावनेरला न्यायला मी गाडी जुंपून आलो होतो. कावळ्यापुढं माझं काय चालणार! रिकामीच नेली.

पुढं तिची सासू जिजाबाई लुळी पडली. तिचं हगणंमुतणं काढता काढता माझी बहीण तीन वर्षांत म्हातारी झाली. सासूच्या तोंडून गोड शब्द कधी नाही.

"तुर्काच्या कैदेत होतो गा, भाऊ," रुपराव मला म्हणाला. भटजी सांगून गेले होते, याचं नाव पुन्हा ठेवा, बायकोशी लग्न पुन्हा लावा, मगच घरात घ्या.

सत्यवती दाराशी टेकून बसली होती. रडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "मंग त्या दिवशी माहं ऐकलं कोणं?" तिनं विचारलं.

"कावळ्याले भूक लागली असन," रुपराव खाली पाहत म्हणाला.

"झालं, वचन फिटलं!" मी म्हणालो. "लग्नाचं मंग पाहू. चाल वं, गाडीत बस."

ती आत गेली आणि खरंच गाठोडं बांधून आली. मला इतकं बरं वाटलं!

तेवढ्यात आतून जिजाबाईनं पाणी मागितलं. रुपराव लगबगीनं उठला, तांब्या भरून आईच्या तोंडाशी नेला. म्हातारीनं तोंड फिरवलं.

"माहा पोरगा मेला. कावळा शिवला, म्या पाह्यलं. तू कोण होय? सत्ये, पाणी दे वं!"

रुपराव तांब्या धरून तसाच उभा. म्हातारी हाका मारतच राहिली.

सत्यवतीनं गाठोडं खाली ठेवलं.

"हिच्यासाठी तो कावळा अजून खराच हाये, दादा," ती म्हणाली. "तू जाय."

तिनं नवऱ्याच्या हातून तांब्या घेतला. म्हातारी घटाघटा पाणी प्यायली आणि उशीर केला म्हणून तिलाच शिवी दिली.