दार नसलेल्या घराची वीट

कुणीच बोलत नव्हते. चहाच्या पेल्यांवरची वाफ तेवढी हलत होती. पोर्ट सईद या अरबी बंदरशहरातल्या ग्रंथालयात एका पांढऱ्या टेबलाभोवती माणसे थबकली होती. टेबलावर एक लहानसे घर होते आणि ते बांधणारी मुलगी त्याच्याकडे परक्यासारखी पाहत होती. मी त्या घरात नव्हते, मित्रांनो. मी तिच्या आईच्या घामेजल्या मुठीत होते.

मी एक जुनी लाल वीट आहे. मातीची नव्हे, खेळण्यातली, प्लॅस्टिकची. भट्टीची धग मला ठाऊक नाही. मी साच्यातून जन्मले. माझ्या डोक्यावर गोल उंचवटे आहेत आणि पोट पोकळ आहे. एकटीला मला काही अर्थ नाही. दुसऱ्या विटेवर दाबून बसवले की ‘टक्’ असा आवाज होतो, आणि त्या क्षणी मी भिंत होते.

जन्म कुठल्याशा थंड देशातला. मला आठवतो तो जहाजाच्या पोटातला अंधार आणि मग कालव्याच्या तोंडावरचा खारट उजेड. एका खलाशी मामाने आमची पेटी आपल्या भाचीला आणून दिली. तिचे नाव मायसा. तिचे वडील ती रांगत असतानाच गेले होते आणि आई गलीला घरी शिवणकाम करून संसार ओढत होती. मशीन खडखडत असे आणि त्या तालावर मायसा आम्हांला रचत असे. नवे दात येत होते तेव्हा तिने मला चावले होते. त्या खुणा अजून माझ्या कडेवर आहेत. तिच्या प्रत्येक घराला दोन दारे असत. एक मामासाठी आणि एक मांजरीसाठी.

ते माझे सुखाचे दिवस. मग मायसा मोठी झाली आणि आमची पेटी कपाटावर, जुन्या सुटकेसींच्या मागे गेली. तिथून मला तिचा पलंग दिसे. एका वर्षी ती त्या पलंगावरून उठेनाशी झाली. विद्यापीठ सुटले, केस विंचरणे सुटले, खिडकीकडे पाहणेही सुटले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिला ताप नव्हता, जखम नव्हती. काय झाले, असे आई विचारी, आणि मायसा खरेच सांगे, “माहीत नाही.” मन आजारी पडायला दर वेळी कारण लागत नाही, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हते.

शेजारच्या नवालबाई डोकावत आणि गलीलाला ‘उम्म मायसा’, म्हणजे मायसाची आई, अशी हाक मारत.

“उम्म मायसा, पोरगी दिसत नाही गं हल्ली?”

“अल्लाची कृपा. परीक्षा आहेत ना.”

“ऐन ऑगस्टच्या सुट्टीत? कसल्या गं, झोपेच्या? माझं ऐक, धूप जाळ, नाहीतर नवरा शोध. डोळ्यांत पाणी दोन्हीनं येतं, पण घर तरी शुद्ध होतं!”

गलीला हसे, चहा पुढे करी. दार लावल्यावर मात्र ती मशीनचे चाक कितीतरी वेळ नुसतेच हाताने फिरवत बसे, सुईत दोरा नसताना.

आणि एकदा मायसाच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई इनास आल्या; शाळेतल्या बाईंना तिथे ‘अब्ला’ म्हणत. त्यांनी ना कपाळाला हात लावला, ना प्रश्न विचारला. कपाटावर बोट दाखवून त्या म्हणाल्या, “ती पेटी घेऊन ये मंगळवारी. ग्रंथालयात काही जण येतात. डॉक्टरांकडे जातच असतात, शिवाय आमच्याकडेही येतात. आम्ही कुणाला बोलायला लावत नाही. आधी बोटं बोलतात, जीभ मागून येते.”

मायसा गेली. तिथे प्रत्येक जण आपल्या मनाचे घर बांधी; शेवटी त्या घरांचे प्रदर्शन भरायचे होते. एका निवृत्त नावाड्याचे घर उलटे होते, जमिनीला छप्पर आणि वर पाया. त्याला कुणी ‘असं का?’ म्हणून विचारले नाही. टेबलावर बोललेले टेबलावरच राहील, हा तिथला नियम होता.

मायसाने राखाडी विटांचे घर बांधले. त्याला दार नव्हते, खिडकी नव्हती. आत एक चिमुकली बाहुली, भिंतीकडे तोंड करून बसलेली. आणि त्या सगळ्या राखाडीत मी एकटी लाल. तिने मला जागेवर ठेवले, पण दाबले नाही. माझा ‘टक्’ झालाच नाही.

“ही सैल राहिली,” अब्ला हळूच म्हणाल्या.

“राहू दे. प्रदर्शनाच्या दिवशी मी सगळ्यांसमोर ही काढीन. आईला म्हणेन, इथून बघ. आत मी आहे.” ती थांबली. “त्या दिवशी नाही जमलं, तर मग मला कधीच जमायचं नाही, अब्ला.”

“आणि तोवर?”

“तोवर ती सैल आहे, एवढं मला ठाऊक आहे.”

मित्रांनो, माझे कौतुक पुष्कळ झाले होते. लहानपणी मी राजवाड्याचे शिखरही झाले होते. पण कुणाचा तरी जीव माझ्या सैलपणावर टेकलेला आहे, हे त्या दिवशी प्रथम कळले.

प्रदर्शनाच्या दिवशी गलीला सर्वांच्या आधी आली, हातात बसबूसाचे, रव्याच्या गोड वड्यांचे, ताट घेऊन. अब्ला फाटकाशी पाहुण्यांची वाट पाहत होत्या. मायसा मागच्या खोलीत आरशासमोर आपले वाक्य पुटपुटत होती. गलीलाने लेकीच्या नावाची चिठ्ठी शोधली, घर पाहिले, आणि तिच्या हातातले ताट कलंडता कलंडता राहिले.

“या अल्ला! दारच नाही? आता नवाल येईल, तिची सून येईल. पाहुणा आत कुठून येणार? म्हणतील, बाईनं पोरीला कोंडून ठेवलंय!”

तिने बोट फिरवले आणि मी हातात आले.

“बघा, ही तर नीट बसवलीसुद्धा नाही. वेंधळी माझी पोर.”

फाटलेले दिसले की शिवायचे, हेच तिने आयुष्यभर केले होते. उरलेल्या विटांच्या टोपलीतून तिने पांढरे दार शोधले, पिवळ्या खिडक्या शोधल्या. आजूबाजूच्या काही राखाडी विटा टोपलीत गेल्या आणि माझ्या जागी दार बसले. टक्. खिडक्या बसल्या. टक्, टक्. बाहुलीचे तोंड तिने दाराकडे फिरवले आणि तिच्या हातात एक फूल दिले. सगळे काही प्रेमाने केले. मी ओरडत होते. पण विटेला आवाज असतो तो फक्त जोडले जाताना.

म्हणून विनवते, मित्रांनो. कुणाच्या बंद भिंतीला घाईघाईने दार बसवू नका. आधी हलक्या बोटाने चाचपून पाहा, एखादी वीट सैल असेल. सापडली, तर ती तुम्ही काढू नका. तिच्याजवळ बसा. ती आतून हलेपर्यंत बसून राहा.

त्या दिवशी कुणी बसले नाही. माणसे जमली, मायसा बाहेर आली, टेबलाशी पोचली, आणि ती शांतता पसरली.

ती नवालबाईंनीच मोडली. “किती प्रसन्न घर गं! अशी टापटीप पोर कुणाला नको असेल?”

कुणीतरी हसले. अब्ला इनास यांचा चेहरा उतरला होता. “मायसा,” त्या म्हणाल्या, “तुला काही सांगायचं होतं ना?”

मायसाचे ओठ हलले. डोळे मला शोधत भिंतभर फिरले.

लेकीचा पांढराफटक चेहरा पाहून गलीलाचे हसू विरले. काहीतरी चुकले आहे, एवढेच तिला कळले. काय, ते कळेना. तिने मूठ उघडली. तिच्या तळहातावर माझ्या कडा उमटल्या होत्या.

“ही एक उरली, बाळा,” ती म्हणाली. “सांग ना, कुठं लावू?”

मायसाने माझ्याकडे पाहिले, दातांच्या त्या जुन्या खुणांकडे पाहिले. मग ती वळली आणि फाटकाकडे चालू लागली.