बोहनी न झालेली सकाळ

उज्ज्वला ब्युटी पार्लरमध्ये त्या शुक्रवारी सकाळ झाली आणि मग तिथंच बसून राहिली. बाहेर कराडच्या रस्त्यावर ऊन चढलं, उतरलं, समोरच्या मेडिकलवाल्यानं दिवे लावले. आत मात्र उन्हाचा पट्टा आरशाखालच्या फरशीवरून हलायला तयार नाही. देवाच्या फोटोपुढची अगरबत्ती जळली होती तेवढीच राहिली. तिची राख वाकून लटकत होती, पण पडायचं नाव नाही.

उज्ज्वलाला याचं नवल वाटलं नाही. बोहनीच झाली नव्हती, मग दिवस सुरू कसा होणार? वैताग मात्र आला, आणि तो तिनं स्वतःच ओढवून घेतल्यामुळं दुप्पट आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिच्याकडची रीत साधी होती. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रोख पैसे द्यायचं. ती नोट उज्ज्वला कपाळाला लावायची, कात्रीला टेकवायची आणि गल्ल्यात टाकायची. तेवढं झालं की दिवस चालू लागायचा. हे तिला आईनं शिकवलं होतं, आणि इतकी वर्षं त्यात खंड पडला नव्हता. मग केयूर नावाचा, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस अॅपची जाहिरात घेऊन आला. आयब्रो, फेशियल आणि हेअरकट, तिन्ही मिळून नुसत्या आयब्रोच्या पैशात. गिऱ्हाइकानं पैसे अॅपवर भरायचे, अॅपनं अर्धे ठेवून घ्यायचे, उरलेले उज्ज्वलाला.

"यात माझं काय उरणार?" तिनं विचारलं होतं.

"मॅडम, एकदा आलेली बाई परत परत येते," केयूर म्हणाला होता.

हे मात्र खरं निघालं. बायका येत होत्या. रांग दारातून निघून रसवंतीगृहापर्यंत गेली होती आणि तिथून पुढं वळली होती. खुर्चीत बसणारी प्रत्येक जण मोबाईल पुढं करायची आणि तेच म्हणायची, "पैसे भरलेत ऑनलाइन."

"अहो, बोहनीला म्हणून रुपया तरी द्या रोख," उज्ज्वला म्हणे.

"सगळं धरून लिहिलंय की त्यात."

"तरी एक रुपया."

"रोख कोण बाळगतंय आता?"

एका भल्या बाईनं भिंतीवरच्या कोडवर मोबाईल धरला आणि एक रुपया पाठवला. पडद्यावर गोल फिरत राहिलं. बँकेला तारीख लागते, आणि आत तारीख उजाडलीच नव्हती. शेवटी उज्ज्वलानं स्वतःच्या पर्समधली नोट काढून कपाळाला लावली. काही झालं नाही. घरचा पैसा बोहनीला चालत नाही, हे तिला ठाऊक होतंच. पण माणूस बुडायला लागला की काडीलाही हात घालतो.

दिवस जागचा हलत नव्हता, पण सामान बरं संपत होतं! फेशियलच्या क्रीमची बरणी खरवडून झाली, दुसरी उघडली. दोऱ्याची रिळं रिकामी होऊन कोपऱ्यात घरंगळली. पायांना गोळे आले. म्हणजे झीज सगळी चालू, फक्त मिळकत तेवढी थांबलेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि तोही हिच्याच डब्यातला.

तिनं केयूरला फोन लावला.

"मॅडम, पेमेंट दिवस संपला की होतं," तो म्हणाला.

"दिवस सुरूच होत नाही. रोख आल्याशिवाय कसा होईल?"

"हो, दिसतंय इथं. तुमचा दिवस सुरू झालेला नाही. तो संपला की लगेच पैसे येतील."

"मग बंद करा ती जाहिरात."

"बंद करायची तर संध्याकाळी करता येते, मॅडम."

उज्ज्वलानं फोन ठेवला. शटर ओढून बघितलं, ते गुडघ्याइतकं खाली आलं आणि परत वर गेलं. सकाळी खाली येणारं शटर ते नव्हे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची गत झाली.

तिला वेळेत सुटायचंच होतं. याच सकाळी केतकीनं, तिच्या चौथीतल्या लेकीनं, शाळेला जाताना बजावलं होतं, "आज गॅदरिंग आहे. गेल्या वर्षी लगीनसराई म्हणून आली नाहीस. या वर्षी तूच माझा अंबाडा घालायचा आणि पहिल्या रांगेत बसायचं." कोळीनृत्यात ती मधोमध होती. उज्ज्वलानं तिला गजऱ्यासाठी दहाची नोट दिली आणि देवाच्या फोटोकडं हात करून शब्दही दिला. आता संध्याकाळच आली नाही तर शब्द पाळायचा कधी?

तेवढ्यात रांगेतून लोखंडे सिस्टर आत आल्या आणि उज्ज्वलाच्या जिवात जीव आला. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. दर शुक्रवारी पहिलं गिऱ्हाईक त्याच असायच्या आणि नोट अशी कोरी द्यायच्या की दिवसभर गल्ला भरत राही. उज्ज्वलानं त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

सिस्टरांनी मोबाईल पुढं केला.

"तुम्हीपण?" उज्ज्वला म्हणाली. तिला रडायलाच आलं.

"मीपण म्हणजे? तूच लावलीस ना जाहिरात? मग मीच तेवढी खुळी का?"

"सिस्टर, तुमच्या हाताची बोहनी द्या हो. नेहमीचे पैसे द्या, रोख."

सिस्टर आरशातूनच तिच्याकडं बघत राहिल्या. "एवढ्या पैशात परवडतंय ना तुला? मग इतकी वर्षं नेहमीचे म्हणून काय घेत होतीस? लुबाडत होतीस म्हणायची की!"

"परवडत नाही हो."

"मग असलं लिहितीस कशाला?"

उज्ज्वलानं दोरा दातात धरला आणि भुवई करायला घेतली. सिस्टर अर्ध्या भुवयांनिशीच उठल्या आणि गेल्या. त्यांची खुर्ची गार व्हायच्या आत पुढची बाई येऊन बसली.

मग काचेवर टकटक झाली. बाहेर दिवेलागण झाली होती आणि केतकी कोळणीच्या लुगड्याची पिशवी छातीशी धरून उभी होती. उज्ज्वला दाराकडं धावली, पण दारात बायका.

"रांगेत या," एक जण केतकीला म्हणाली.

"माझी आई आहे ती."

"आम्हालापण घाई आहे, बाळ."

केतकी शहाणी पोर. भांडली नाही. पिशवी सावरत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. उज्ज्वला हाका मारत होती, पण आतली सकाळ काचेबाहेर जात नव्हती. राग तिला बायकांचा आला, अॅपचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. करायचं काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ. रांग संपवली तरच केतकी दारापर्यंत पोचणार होती. म्हणून ती हात चालवत सुटली.

मधून मधून ती काचेकडं बघायची. केतकी रसवंतीगृहापाशी दिसली, तेव्हा तिच्या वेण्या लांबल्या होत्या. मेडिकलसमोर आली तेव्हा शाळेचा फ्रॉक जाऊन अंगावर ओढणी होती. पिशवी तीच होती. बाहेर रस्ता खणला, परत बुजवला, रसवंतीच्या जागी मोबाईलचं दुकान झालं. पुढं पुढं उज्ज्वलाला काचेकडं बघायलाही फुरसत मिळेना. खुर्चीत चेहरे बदलत होते, तिला फक्त भुवया दिसत होत्या. दोऱ्याचं टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांत, गिऱ्हाइकानं स्वतःच्या बोटांनी पापणी ताणून धरायची. एक झाली की दुसरी.

अशीच एक भुवई तिच्यासमोर आली. दाट, आईवर गेलेली. दोरा अर्ध्यापर्यंत फिरला आणि तिथं एक खाच लागली. केस न उगवणारी, तिरकी खाच. याच पार्लरमधल्या ट्रॉलीचा कोपरा लागून पडलेली. तेव्हा केतकी नुकतीच चालायला लागली होती. रक्त थांबेपर्यंत उज्ज्वलानं तिला पोटाशी धरलं होतं.

उज्ज्वलाचे हात थांबले. दोरा दातात तसाच ताणलेला.

"थांबू नकोस," खुर्चीतली बाई डोळे मिटूनच म्हणाली. आवाज जडावला होता, पण ओळखीचा होता. "आयब्रो झाल्या की अंबाडा घाल."

तिनं अंगावरच्या कापडाखालून हात बाहेर काढला. त्यात घड्या पडून मऊ झालेली दहाची नोट होती.

"मी ऑनलाइन भरलेलं नाही," ती म्हणाली. "गजरेवाली उठून गेली होती, त्यामुळं ही उरली. घे, बोहनी कर."

घरचा पैसा बोहनीला चालत नाही, हे उज्ज्वलाला सांगायचं होतं. पण तोंड उघडलं की दोरा सुटणार, आणि भुवई अर्धी राहणार. तिनं मानेनंच नाही म्हटलं, तसा दोरा हलला.

"चालेल," केतकी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी रांगेतच वाढले, आई. मी आता घरची कुठं?"

नोट दोघींच्या मध्ये तशीच धरलेली होती. ती घ्यावी तर लेक परकी ठरत होती. न घ्यावी तर ही सकाळ जन्मभर पुरणार होती. उज्ज्वलाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोऱ्यावरून ओघळत तिच्याच बोटांपर्यंत गेलं.

"झालं का त्यांचं?" दारातल्या बाईनं विचारलं आणि मोबाईल वर केला.

केतकीनं दुसऱ्या हाताच्या बोटांनी, गिऱ्हाइकासारखीच, पापणी नीट ताणून धरली, आणि देवाच्या फोटोपुढची राख हलली.