ब्रेननबाईंसाठी नारळ

अद्वयने गाडी रोह्याला दाजीकाकांच्या फाटकाला लागून उभी केली, चावी काढली आणि डिकीतून फळांची करंडी उचलली. आई उतरली. बाबा मात्र पुढच्या सीटवर, हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसून राहिले. गुडघा धरला असेल असं वाटून तो वळणार, तेवढ्यात आईने, लतिकाबाईंनी, गाडीला वळसा घातला, रस्त्यावर मागे-पुढे पाहिलं आणि बाहेरून दार उघडलं. विष्णुमास्तर अंग चोरून उतरले आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने सदरा झटकत फाटकातून आत गेले.

"दार अडकतं का गं?" अद्वयने आईला हळूच विचारलं. गाडी मामेभावाची होती, रजेपुरती मागून आणलेली.

"दार बरं आहे. हेच हात लावत नाहीत. तुझ्याकडून आल्यापासून."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाचीही गाडी असो, दुसऱ्याने दार उघडल्याशिवाय उतरत नाहीत. पेणमध्ये आता रिक्षानेच फिरतात. रिक्षाला दार नाय ना!" लतिकाबाई हसल्या. अद्वयला हसू आलं नाही. त्याचे कान तापले.

गेल्या उन्हाळ्यात दोघं डब्लिनला त्याच्याकडे राहून आले होते. एका दुपारी बाजार करून परतताना आई वर निघून गेली होती, आणि अद्वय इमारतीच्या तळघरात गाडी लावत होता. लावत होता म्हणजे एका हाताने चाक फिरवत होता आणि डोळे मांडीवरच्या मोबाइलवर होते. पुढचा कोपरा बाजूच्या निळ्या गाडीला घासून कर्रर्र असा आवाज झाला. तो ऐकून शेजारी बसलेल्या बाबांनी गडबडीने दार उघडलं, ते त्याच गाडीला टेकलं, आणि नेमक्या त्याच वेळी निळ्या गाडीच्या मालकीणबाई, तिसऱ्या मजल्यावरच्या ब्रेननबाई, लिफ्टमधून बाहेर आल्या.

या बाईंनी अद्वयला आधी एकदा सुनावलं होतं, की इथे लहान मुलं असतात, गाडी जरा हळू आण. आता पुन्हा त्याच तोंडाने त्यांच्यासमोर उभं राहायचं? त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा अर्ध्या उघड्या दारात, एक पाय बाहेर टाकून बसले होते. पुढचं वाक्य अद्वयच्या तोंडून इतकं सहज गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. वडील खेडेगावातून आलेत, म्हातारे आहेत, गाडीच्या दाराची सवय नाही. पेण खेडेगाव कधीपासून झालं, देव जाणे. पण ब्रेननबाई विरघळल्या. त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन थोपटला आणि भरपाईचं नावही काढलं नाही.

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. बाबांना इंग्रजी समजत होतं, शाळेत तेच तर शिकवलं होतं उभा जन्म. म्हणून लिफ्टमध्ये अद्वयला तेच मराठीतही सांगावं लागलं. "बाबा, दार उघडताना जरा बघायचं ना." बाबा इतकंच म्हणाले होते, "हो रे, चुकलंच माझं." त्या रात्री ते नीट जेवले नव्हते, आणि अद्वयने ते प्रवासाच्या थकव्यावर ढकललं होतं.

साखरपुडा दाजीकाकांच्या धाकटीचा, अनन्याचा. अंगठ्या झाल्या, ओटीभरण झालं आणि पंगत बसली. वालाचं बिरडं वाढून झालं तसा दाजीकाकांनी मास्तरांना डिवचलं.

"काय विष्णु, परदेश पाहून आलास. काय काय पाहिलंस?"

"पाहिलं ते सोड. फोडलं काय ते विचार!"

पंगत हसली. ही गोष्ट बऱ्याच जणांनी आधी ऐकलेली होती, तरी पुन्हा ऐकायला सगळे सरसावून बसले. मास्तरांनी ती रंगवून सांगितली, स्वतःच्या वेंधळेपणाची पुरेपूर टर उडवत. दार कसं उघडलं, निळ्या गाडीला पोचा कसा पडला, बाई कशी देवासारखी भेटली.

"आणि हा!" त्यांनी अद्वयकडे बोट केलं. "याने काय सांभाळून घेतलं मला! दुसरा असता तर बापावर खेकसला असता."

"मास्तर, जन्मभर पोरांना सांगत आलात, दारं आपटू नका," कोणीतरी म्हणालं.

"तर! देवाने बरोबर कान पिळला." मास्तर हसत होते. मग भात कालवता कालवता, जरा खालच्या आवाजात, शेजारच्याला म्हणाले, "खरं सांगू? मला वाटत होतं आवाज आधी आला आणि दार मी नंतर उघडलं. पण या वयात आपल्या कानांचा काय भरवसा?"

अद्वयने हातातला घास पानात ठेवला. सांगावं, आत्ता, इथेच. पण समोर अनन्याच्या सासरची माणसं, वाढणाऱ्या बायका, सगळं रोहं. तो पाणी प्यायला आणि त्याने पुन्हा पाणी मागितलं. आपल्यासारखा नालायक मुलगा या पंगतीत दुसरा नसेल, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात कोणीतरी त्याच्या पानात आग्रहाने जिलबी वाढली.

परतताना निडीच्या अलीकडे बाबा म्हणाले, "गाडी आत घे. गावदेवीला जाऊन येऊ. पुंडलिकला फोन करून ठेवलाय."

निडी हे आजोबांचं गाव. भात कापून झालेला, खाचरांत वाल पेरलेले, आणि कडेला गावदेवीचं कौलारू देऊळ. पुंडलिक गुरव पायरीवर वाट बघत होता. मास्तरांनी पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातात दिला.

"माझ्या हातून परक्या मुलखात एका बाईचं नुकसान झालं," ते म्हणाले. "तिने काही घेतलं नाही. सारखं मनात खातं रे. म्हटलं, निदान आपल्या देवीपुढे तरी शब्द टाकावा."

"बरा केलाव, मास्तर. बाईचा नाव काय?"

"ब्रेनन."

"असू दे. देवीला समाजतं." पुंडलिकने नारळ ओंजळीत धरला. "नि ज्याच्या हातून झाला, त्याचा नाव? गाऱ्हान्यात नाव लागतं. उगाच भलत्याच्या पदरात पडाया नको."

मास्तर तोंड उघडणार, तोच अद्वय पुढे झाला. आपले पाय हललेले त्याला नंतर कळले.

"माझं घाला. अद्वय विष्णु."

मग पुंडलिकने मास्तरांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"पोर असावा तर असा! बापाची चूक सोताच्या अंगावर घेतली. नशीबवान हाव, मास्तर!"

"अहो नाही, तसं नाही..." अद्वय म्हणाला, पण पुंडलिकने डोळे मिटून गाऱ्हाणं सुरूही केलं होतं. हे माते, तुझं लेकरू अद्वय विष्णु, त्याच्या हातून परमुलखात चूक झाली, ती पोटात घे, त्या माउलीचा संसार सुखाचा कर. प्रत्येक वाक्याला मास्तर "व्हय" म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज जास्त भरून येत होता. शेवटी त्यांना उपरण्याने डोळे पुसावे लागले. नारळ फुटला. प्रसादाचा पहिला तुकडा त्यांनी लेकाच्या हातावर ठेवला.

अद्वयला तो तोंडात घालवेना. खरं बोलायला गेलो आणि वर हारतुरे पडले! उद्या हीच गोष्ट पेणभर होणार, दाजीकाका पंगतीत सांगणार. बाहेर पायरीवर चपला घालताना तो बाबांच्या समोर उभा राहिला.

"बाबा, मी ते तुमच्यासाठी नाही केलं. चूक खरंच माझी होती. गाडी मी घासली."

"पुरे रे!" मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांचे डोळे अजून ओलेच होते. "किती मोठं मन करशील? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून देवीच्या दारात खोटं बोलू नये."

"खोटं नाही, बाबा."

"बरं, बरं. तुझी चूक. झालं?" ते हसले आणि खिशातून मोबाइल काढून, चष्मा वर करून, दाजीकाकांचा नंबर शोधायला लागले. "हे दाजीला सांगितलंच पाहिजे. अगं, ऐकलंस ना, पोरगा काय म्हणतोय?"

लतिकाबाई एक पायरी वर उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. त्या अद्वयच्या तोंडाकडे बघत होत्या, लहानपणी शाळेतून काही तरी करून आल्यावर बघायच्या तशा.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "अहो, फोन ठेवा तो. त्याला बोलू द्या."