खारावलेल्या वाफ्याने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक जुना वाफा आहे. अमेरिकेत, ओहायोतल्या एका परसात हेस्टरबाईंनी देवदाराच्या फळ्यांची चौकट ठोकली, तिच्यात गुडघाभर माती भरली आणि मला उभं केलं. पानगळ संपली की मेपलची कुजलेली पानं त्या माझ्या अंगावर पसरायच्या. बस्स, एवढंच माझं जेवण. तेवढ्यावर माझ्यात गांडुळं सुखाने नांदायची आणि जत्रेत आमच्या टोमॅटोला पहिल्या नंबराची निळी फीत मिळायची.

मग बाईंचं कंबरेचं हाड मोडलं. त्या लेकीकडे गेल्या आणि घर भाच्याकडे, डेलकडे आलं.

"हेस्टरची फीत यंदा गेलीच म्हणायची," शेजारच्या ओपलबाई कुंपणावरून म्हणाल्या. डेलला ते झोंबलं. त्याने रासायनिक खताचं पोतंच फोडलं. मूठभर पुरे असताना ओंजळी ओतल्या, पुन्हा पुन्हा ओतल्या. माती पोळली. गांडुळं मेली. ती माझी माणसं होती, मित्रांनो. तेव्हाच मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

मी त्याच्या टोमॅटोला नुसती पानं दिली. त्याच्या डोक्यावर जातील एवढी, हिरवीगार. फळ मात्र एक नाही. त्याने आणखी खत टाकलं. मी मनात म्हटलं, ओत बाबा, ओत! शेवटी पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरा खार साचला.

"काय रे डेल, जत्रेला पाला नेतोस की काय?" ओपलबाई खदखदून हसल्या. डेलने मला लाथ घातली. मला ती गोड लागली.

त्याच आठवड्यात हेस्टरबाई काठी टेकत आल्या. चिमूटभर माती त्यांनी जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"मेल्या, याला जेवू घालत होतास की मारत होतास?"

"तुझी फीत जाऊ नये म्हणून केलं गं, मावशी."

"आता नुसतं पाणी. भरपूर. सगळा खार खाली झिरपून जाऊ दे. आणि खताला हात लावलास तर याद राख!"

डेलने निमूटपणे पाणी घातलं, पानं पसरली. पण माझा राग काही निवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याला एकच टोमॅटो दिला. तोही तडकलेला.

मित्रांनो, आम्हाला भुकेपुरतंच द्या. आम्हा वाफ्यांना बोलता येत नाही, पण आम्ही विसरतही नाही.