भावनाची पट्टी

भीमजयंतीचा मांडव भरत आला तसा राजानंदच्या हाताला घाम सुटला. हसनाबादच्या पंचक्रोशीत गायन पार्ट्या बँजोवर चालायच्या. गिटारवाला हा एकटाच. अमेरिकेतल्या रॉय डेल्गरचे व्हिडिओ बघून शिकला होता. दारूच्या गुत्त्यात गाणाऱ्या रॉयनं पुढं मैदानंच्या मैदानं कशी भरवली, मग गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज गेला तरी तो पुन्हा कसा उभा राहिला, सगळं राजानंदला पाठ होतं.

"त्या रॉयला घरदार न्हाई का? जवा बघावं तवा गाऊन राह्यला," त्याची बायको भावना म्हणायची.

भावना हिवाळ्यात वारली. त्यानंतर राजानंद आज पहिल्यांदा गाणार होता. आज गाणं फसलं तर पुन्हा गायचं नाही, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

पेटीवाल्या संघपालनं विचारलं, "दादा, पट्टी कोणती?"

"काळी चार."

"ती वहिनीची पट्टी. तुम्हाला झेपंल का? खाली घ्या की."

"न्हाई. तीच."

दोघं गायचे तेव्हा वरची ओळ भावना उचलायची. तिच्यासाठी गिटारचा सूर चढवणारा चिमटा कायम चौथ्या पडद्यावर असायचा. तो हलवायला राजानंदचा हात धजत नव्हता.

मुखडा निभावला. अंतऱ्याची वरची ओळ आली आणि गळा चिरकला. ढोलकी थांबली. मागं कोणीतरी हसलं.

"हसता काय मेल्यांनो? पाणी द्या त्याला!" पुढं बसलेल्या उषाबाई ओरडल्या.

उठून जावं, असं राजानंदला वाटलं. पाणी पिताना रॉय आठवला. ऑपरेशननंतर रॉयनं पट्टी उतरवली होती. आवाज पोचत नसे तिथं तो नुसती गिटार वाजवायचा. तो व्हिडिओ भावनानं पुन्हा लावायला सांगितला होता. म्हणाली होती, "ह्यो बराबर करून राह्यला."

राजानंदनं चिमटा काढून खिशात टाकला.

"संघपाल, पांढरी तीन."

आवाज जाडाभरडा निघाला, पण निघाला. वरची ओळ आली तसा तो गप्प झाला. ती त्यानं तारांवर वाजवली. एक सूर घसरला.

गाणं संपल्यावर संघपालनं हळूच विचारलं, "दुसरं कोणत्या पट्टीत?"

राजानंदनं हाताचा घाम पायजम्याला पुसला.

"हितंच."