डावीकडचा तिसरा बाक

मित्रांनो, मी डावीकडचा, पुढून तिसरा. एका लहानशा प्रार्थनामंदिरातला जुना लाकडी बाक, एवढीच माझी ओळख. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव आता गोड राहिलेला नाही. एके काळी माझ्यावर दर रविवारी सहा माणसं बसायची, दाटीवाटीनं आठ. आज माझ्यावर एका दिव्याचा रिकामा खोका आणि वायरचं भेंडोळं ठेवलेलं आहे. अशा बाकाच्या तोंडून साखर कुठून गळणार?

मला घडवणारा सुतार इथं उपासनेला येणाऱ्या मंडळीतलाच होता. एका पाडलेल्या गोदामाच्या तुळया आणून त्यानं आम्हा बारा जणांना तयार केलं. माणसामाणसांच्या मध्ये हात टेकायला दांडे बसवू का, असं त्यानं विचारलं होतं. जुनी वडीलधारी मंडळी नको म्हणाली. उशिरा आलेल्याला जागा करून देता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ‘सरका जरा’ हे शब्द मी जितके ऐकले, तितका ‘आमेन’सुद्धा ऐकला नसेल. मला ते फार आवडायचे.

आमच्याकडे एक रीत होती, कुठेही न लिहिलेली. रविवारी ज्याच्या शेजारची जागा रिकामी राहील, त्यानं उपासना सुटल्यावर त्या माणसाच्या दारात जायचं, आणि तेही स्वतःच्या जेवणाआधी. जेवलं की माणूस आडवा होतो आणि जाणं राहून जातं, एवढं शहाणपण त्या पिढीला होतं. गेल्यावर उपदेश करायचा नाही. दार वाजवायचं आणि विचारायचं, बरं आहे ना?

ही रीत आक्काइतकी कुणी पाळली नाही. आक्का शाळेचे गणवेश शिवायची. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. भिंतीकडची जागा तिची. कधी कधी गळ्यातली मोजपट्टी काढायची विसरून तशीच यायची आणि गीत चालू असताना लक्षात आलं की हळूच पिशवीत कोंबायची.

तिच्या शेजारी गवंडीमिस्त्री बसत. एकदा त्यांनी मंदिराचं छप्पर दुरुस्त केलं आणि पुढच्याच पावसात नेमका उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या टकलावर थेंब पडला. सगळी मंडळी हसली. मिस्त्रींना ते फार लागलं. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. उपासना सुटली तशी आक्का त्यांच्या दारात गेली. त्या मंदिरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी आतूनच बजावलं. आक्का उपाशीपोटी पायरीवर बसून राहिली, ती थेट चार वाजेपर्यंत.

“मिस्त्री,” ती शेवटी म्हणाली, “देवाशी तर भांडण नाही ना तुमचं? मग आमच्याशी भांडायला तरी या. मी एकटीनं किती भांडायचं?”

पुढच्या रविवारी मिस्त्री फुगलेल्या तोंडानं आले आणि माझ्यावर धप्पकन बसले. त्या दिवशी मी करकरलो, पण आनंदानं.

मग एके वर्षी साथ आली आणि दारं बंद झाली. पाळकसाहेब रिकाम्या मंदिरात फोनसमोर उभे राहून उपासना चालवू लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना तर तो फोन मोठाच आधार होता. पण साथ गेली, दारं उघडली आणि धडधाकट माणसं काही परत आली नाहीत. घरी आवाज स्पष्ट येतो, म्हणे. चहा पिता पिता संदेश ऐकता येतो, म्हणे. एकत्र जमणं सोडू नका, हा शास्त्रपाठ माझ्यासमोर किती वेळा वाचला गेला. तोही लोकांनी सोफ्यावर तंगड्या पसरून ऐकला आणि मान डोलावली.

आता उपासनेच्या सुरुवातीला पाळकसाहेब फोनवर दिसणारी नावं वाचून दाखवत. नाव वाचलं गेलं की माणूस आला, असं ठरून गेलं. मिस्त्रींनीही गुडघ्यांचं निमित्त करून घरीच फोन लावला. आक्काला मात्र फोन काही जमेना. ती आपली चालत यायची आणि माझ्यावर एकटीच बसायची. पण आईचं नाव मंडळीत घेतलं जात नाही, याची तिच्या मुलीला रुखरुख लागली. म्हणून ती तिकडून, दूरच्या शहरातून, आईच्या नावानं फोनवर हजर राहू लागली. त्यात वाईट हेतू नव्हता, प्रेमच होतं. आक्का हसून म्हणायची, नाव तिकडून येतं आणि मी इकडून.

फोनभोवती एक गोल दिवा लावलेला असे. त्याच्या झगझगाटात पाळकसाहेबांना पहिल्या बाकापलीकडचं काही दिसत नसे. कुणी बघायलाच हवं असंही नव्हतं, कारण बाकांवर होतं कोण?

त्या रविवारी आक्का आली नाही. मला पहिल्या गीताआधीच कळलं. आणि पाळकसाहेबांनी नावं वाचली. “आक्काही आल्या आहेत. बरं वाटलं, आक्का.” मंदिरात माझ्यासमोर उभं राहून ते असं म्हणाले. मी लाकूड आहे, मित्रांनो. लाकूड करकरतं ते अंगावर वजन पडल्यावर. रिकाम्या बाकाला करकरतासुद्धा येत नाही. उपासना संपली, त्यांनी दिवा बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, “आज लवकर निघाल्या वाटतं.” मग कुलूप लावून ते जेवायला गेले.

आक्का शनिवारी संध्याकाळी न्हाणीघरात घसरून पडली होती. कंबरेचं हाड मोडलं होतं. उठता येईना, सरकता येईना. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता. रविवारी संध्याकाळी मुलीनं फोन केला, तो कुणी उचलला नाही. उपासनेनंतर आई कुणाच्या तरी दारात गेली असेल, असं मुलीला वाटलं. सोमवारी दुपारी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसानं कण्हणं ऐकलं आणि दार फोडलं. तो माणूस कुठल्याच मंदिरात जात नाही, असं नंतर समजलं.

हे सगळं मला मिस्त्रींकडून कळलं. दवाखान्यात तिला भेटून ते सरळ माझ्याकडे आले होते. सोबत त्यांचा पुतण्या होता. त्याला ते सांगत होते. आक्कानं रविवारी दुपारी बारानंतर हाका मारणं मुद्दाम थांबवलं होतं. आता उपासना सुटली, आता कुणीतरी येईलच, त्या वेळी आवाज राहिला पाहिजे, म्हणून ती गप्प पडून पावलांची चाहूल घेत होती. तीन वाजेपर्यंत तिनं वाट पाहिली. “आणि मी तेव्हा जेवून झोपलो होतो रे,” मिस्त्री म्हणाले.

दोन महिन्यांनी मिस्त्री आणि पुतण्या तिला खुर्चीसकट उचलून मंदिरात घेऊन आले. त्या दिवशी बारा बाकांवर तीळ ठेवायला जागा नव्हती. लोक फुलं घेऊन आले होते. पाळकसाहेबांनी तो गोल दिवा लावला नाही. त्यांनी भरल्या डोळ्यांनी सगळ्यांसमोर तिची क्षमा मागितली.

“तुम्ही नाव वाचलंत, म्हणजे मी आलेच होते की,” ती म्हणाली. “सगळ्यांनी ऐकलं. मग माझ्या दारात कुणी कशाला यायचं?”

यापुढे एकही रविवार चुकवणार नाही, असं त्या दिवशी कित्येकांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं. मी भोळा, मी विश्वास ठेवला. पुढच्या रविवारी वीस-बावीस जण आले, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ. महिन्याभरात गोल दिवा पुन्हा जागेवर आला. त्याचा खोका ठेवायला जागा हवी होती, माझ्यावर होती. मिस्त्री तेवढे येतात, आक्काची भिंतीकडची जागा मोकळी सोडून तिच्या शेजारी बसतात आणि उपासना सुटली की जेवणाआधी तिच्या दारात जातात. फोन लावून देऊ का, असं पाळकसाहेबांनी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, मला बघायचं नाही, मला यायचं आहे.

पुतण्या आता नोकरीसाठी परगावी गेला. तरी आक्का दर रविवारी सकाळी नऊ वाजता तयार होऊन, गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन दारात बसलेली असते. उपासनेची वेळ टळली की पुस्तक पिशवीत ठेवते. मिस्त्रींनी हे दोनदा सगळ्यांच्या कानावर घातलं. सगळ्यांना फार वाईट वाटलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू अशा गोष्टीच्या शेवटी निगा राखा म्हणून विनवतात. मला पॉलिश नको, वाळवीचं औषधही नको. आक्काचं घर आमच्या दारापासून चालत सात मिनिटांवर आहे, निळ्या दाराचं. ती खुर्ची उचलायला दोन माणसं लागतात. एक मिस्त्री आहेत.