मिशनमध्ये जन्मलेले

शालिनीताई महाडिक महिन्यातून एकदा ग्वाल्हेरच्या मुरार भागापलीकडच्या मिशनवर जात. कडुलिंबाचा पाला आणायला जाते, असं त्या घरी सांगत. कडुलिंब त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीही होता, पण हे त्यांना कधी कुणी बोलून दाखवलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला एवढी सूट सगळेच देतात.

मिशन म्हणजे आता नुसते अवशेष होते. छप्पर नसलेलं प्रार्थनाघर, त्याच्या पाच कमानी, मागे बाळंतपणाचा वॉर्ड, एका बाजूला नर्सेसचं हॉस्टेल आणि मधोमध विहीर. परदेशी डॉक्टर मंडळी निघून गेली, दवाखाना बंद पडला, त्यालाही पंचेचाळीस वर्षं झाली होती. पुढे शालिनीताईंनी सरकारी दवाखान्यात सारी नोकरी काढली, पण नर्सिंगचे धडे त्यांनी इथेच गिरवले होते. सतराव्या वर्षी, मिस एलिसच्या हाताखाली.

त्या दिवशी त्या आत शिरल्या तर कमानीवर लाल रंगाने आकडा आणि बाण काढलेला. पलीकडे तिपाईवर यंत्र लावून एक तरुण उभा होता.

"अम्माजी, ज़रा हटिए, लाइन में आ रही हैं."

"लाईन म्हणे! पन्नास वर्षं झाली इथं येतेय मी, आणि हा मला बाजूला करतोय," शालिनीताई पुटपुटल्या.

तरुणाने यंत्रावरून मान वर केली. "आपण मराठी? मी राघव पुराणिक. इथल्याच लष्कर भागातला, जनकगंजातला."

ग्वाल्हेरात अनोळखी माणूस मराठी निघाला की अर्धा राग तिथेच उतरतो. उरलेला अर्धा शालिनीताईंनी जपून ठेवला. "राघव, हा लाल रंग कसला रे?"

"नवा चौपदरी रस्ता इथून जातोय, आजी. उन्हाळ्याच्या आत हे सगळं पाडायचंय." त्याने हातातला कागद दाखवला. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, पुराना खंडहर, अनुपयोगी.

"अनुपयोगी? अरे, अर्धं मुरार इथं जन्माला आलंय!"

राघव हसला. मुलगा मनाने चांगला होता. "मग त्या अर्ध्या मुरारला सांगा हरकत घ्यायला. एकवीस दिवसांनी जनसुनवाई आहे. फक्त हरकत बाधित माणसाची लागते. म्हणजे ज्याचं काही जातंय, त्याची."

पाला न घेताच शालिनीताई घरी परतल्या. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्याचं काही जातंय, तो.

घरी त्यांचे दीर दौलतसिंह ओसरीवर रेडिओ दुरुस्त करत बसले होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, ताठ पाठीचा. त्यांची नात सोनिका कॉलेजात इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. दोघांनी सगळं ऐकून घेतलं.

"रस्ता झालाच पाहिजे, वहिनी," दौलतसिंह म्हणाले. "भिंडकडे जाताना कंबर खिळखिळी होते. पडक्या भिंतींचं काय घेऊन बसलात?"

"तुम्हाला नाही कळायचं, भावोजी. तुम्ही तिथले नाही."

"नाहीच मुळी. आमचा जन्म आजोळी, देवासला. राजवैद्यांच्या देखरेखीत." हे वाक्य ते दर दिवाळीला एकदा तरी म्हणत.

सोनिकाने मात्र वही ओढली. "आजी, सुनो ना. हरकतीच्या फॉर्ममध्ये रकाना आहे, बाधित होण्याचं कारण. आपण लिहू, माझा जन्म या ठिकाणी झाला. बस. किसी ने मना थोड़ी किया है!"

"चालेल असं?"

"नहीं चला तो नहीं चला. पण लोक तर जमतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिनीताई पिशवीत फॉर्म घालून निघाल्या, तर दाराशी दौलतसिंह स्कूटर पुसत उभे. "माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला उन्हात रिक्षा शोधत हिंडू देणार नाही. बसा."

मग सुरू झाली शोधमोहीम. मुरारच्या बाजारातल्या म्हाताऱ्या शिंप्याने फॉर्मवर सही केली आणि आपल्या चार बहिणींचे पत्ते दिले. टोपी बाजारात एका ठोक व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला थांबवून सांगितलं, "हम तीनों भाई वहीं के हैं, एक ही पलंग के!" आणि लगेच भावांना फोन लावला. एका वकिलाने आधी कायदा ऐकवला, मग हळूच विचारलं, त्याच्या आईच्या वेळी ड्यूटीवर कोण होतं? साल ऐकून शालिनीताई म्हणाल्या, "मीच. तुम्ही रडलाच नव्हता, दोन चापट्या माराव्या लागल्या." वकीलसाहेबांनी मुकाट्याने सही केली.

आठ दिवसांत सव्वाशे फॉर्म झाले. शालिनीताईंच्या पायांना सूज आली, पण रात्री झोप अशी लागायची की काय सांगावं.

नवव्या दिवशी ती दोघं बिर्लानगरात गेली. कापडगिरण्यांच्या जुन्या वस्तीत इंदुताई राहत होत्या. नव्वदीच्या पुढच्या. एके काळी मिशनच्या वॉर्डात आया होत्या. कान गेले होते, पण आठवण लख्ख. शालिनीताईंना त्यांनी आवाजावरून नव्हे, चालीवरून ओळखलं.

"शालू! अजून घाईनेच चालतेस. आणि हे कोण?"

"माझे धाकटे दीर, दौलतसिंह," शालिनीताई कानाशी ओरडल्या.

"महाडिकांचे? म्हणजे यशोदाबाईंचा मुलगा?" इंदुताईंनी डोळे बारीक केले. "पायाळू ना रे तू?"

दौलतसिंह खुर्चीत सावरून बसले. ते पायाळू होते, ही गोष्ट खरी होती. लहानपणी गल्लीत ज्याची कंबर धरे तो त्यांची लाथ खायला यायचा. पण ते घरच्या गल्लीत. बिर्लानगरात हे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"सांगायचं काय त्यात? मीच तर उभी होते!" इंदुताई मिश्किल हसल्या. "घरच्या सुईणीने हात टेकले होते. आणि तुझी आजी म्हणजे मिशनच्या पाण्याचाही विटाळ मानणारी. मग तुझ्या आईने सांगितलं, मी माहेरी जाते. टांग्याला पडदा लावला आणि टांगा थेट मिशनवर आणला. मिस एलिसने तुला पाय धरूनच बाहेर घेतलं. पंधरा दिवस होती तुझी आई आमच्याकडे. जाताना माझ्याकडून वचन घेतलं, सासूला कळू द्यायचं नाही. आता सासू कुठली आणि वचन कुठलं!"

शालिनीताईंना हसू आवरेना, पण दिराचा चेहरा बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. सासूबाई, म्हणजे याच यशोदाबाई, आयुष्यभर त्यांच्याशी मिशनबद्दल एवढ्या आपुलकीने का बोलत, त्याचा उलगडा त्यांना आज होत होता. सून म्हणून मिशनची नर्सच हवी, असा हट्टही सासूबाईंनीच धरला होता.

परतताना दौलतसिंहांनी तीन चौक झपाट्याने मागे टाकले. चौथ्या चौकात लाल दिवा लागला. स्कूटर थांबवून, मान न वळवता ते म्हणाले, "वहिनी, एक फॉर्म इकडे द्या."

"कुणासाठी?"

"चेष्टा करू नका. मला माहितीये, तुम्ही मागे बसून हसताय."

"मी नाही हसत, भावोजी," असं म्हणता म्हणता शालिनीताई इतक्या हसल्या, की शेजारच्या टेम्पोवाल्यालाही कारण न कळता हसू फुटलं. मग दौलतसिंहही हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या.

त्यानंतर त्या माणसाने जे मनावर घेतलं! निवृत्त फौजींच्या ओळखी, लग्नांच्या याद्या, भजनी मंडळं, काही सोडलं नाही. सुनावणीच्या दिवशी दोनशे बारा माणसं हजर झाली. सगळी पन्नाशीच्या नाहीतर साठीच्या पुढची. काही काठी टेकत, काही नातवंडांचा हात धरून. खुर्च्या संपल्या, तेव्हा उरलेली जिन्यावर बसली.

सुनावणीला बसलेल्या अधिकारी बाई तो जमाव बघून चकित झाल्या. "आपमें से ज़मीन कितनों की है?"

"एक की भी नहीं, मैडम," सोनिका म्हणाली.

"तो फिर प्रभावित कैसे हुए?"

दौलतसिंह उभे राहिले, सावधान स्थितीत. "सूबेदार दौलतसिंह महाडिक. जन्मस्थान, मिशन अस्पताल. पैरों की तरफ़ से पैदा हुआ, श्रीमतीजी. वो कमरा नहीं होता, तो आज आपके सामने मैं नहीं होता, और मेरी माँ भी तभी चली गई होती."

कुणीतरी टाळी वाजवली. मग एकेक जण उठून आपलं नाव आणि जन्माचं साल सांगू लागला. टोपी बाजारातले तिघे भाऊ एकदमच उठले आणि आधी कोण बोलणार यावरून भांडले. अधिकारी बाईंनी शेवटी हात जोडले. "मैं जबलपुर में पैदा हुई, वरना मैं भी फ़ॉर्म भर देती. पर सड़क तो बनेगी. पुराणिकजी, कोई रास्ता है?"

राघवने नकाशा उलगडला. त्याने आणि सोनिकाने आदल्या रविवारी उन्हात फीत धरून सगळं मोजलं होतं, हे शालिनीताईंना तेव्हाच कळलं. दक्षिणेला बाभळीचं सरकारी रान होतं. रस्ता तिकडे अकरा मीटर सरकवता येत होता. त्यापुढे नाला होता, म्हणून त्याहून जास्त नाही. अकरा मीटरमध्ये प्रार्थनाघर, वॉर्ड आणि विहीर वाचत होती. हॉस्टेल मात्र वाचत नव्हतं.

"आजी, तुम्ही सांगा," राघव म्हणाला.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. हॉस्टेलमधली शेवटून दुसरी खोली शालिनीताईंची होती. आईच्या आठवणीने पहिले आठ दिवस त्या तिथेच रडल्या होत्या, आणि तीन वर्षांनी निघताना त्याहून जास्त. महिन्याच्या महिन्याला पाल्याचं निमित्त काढून त्या जायच्या त्या वॉर्डात नव्हे, तर त्या खोलीत. तिथे खिडकीच्या दगडावर थोडा वेळ बसायचं, एवढंच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही.

"हॉस्टेल जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिथं आम्ही नुसत्या झोपायचो. जन्म वॉर्डात व्हायचे."

सोनिका त्यांच्याकडे बघत राहिली.

पौषातल्या एका सकाळी राघवचा फोन आला, आज हॉस्टेल काढतोय, यायचंय का? शालिनीताई गेल्या. राघवने जेसीबी थांबवला आणि ड्रायव्हरला चहाला पाठवलं. त्या खोलीत गेल्या, दगडावर बसल्या. समोर कोवळं ऊन पडलं होतं. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आठवली ती सुधा, शेजारच्या पलंगावरची, जी झोपेत औषधांची नावं घोकायची. त्या एकट्याच खुदकन हसल्या आणि बाहेर आल्या.

"झालं, राघव. चालू दे तुझं."

बाहेर दौलतसिंह डाळ भरलेल्या गरम बेडई पुऱ्यांचे आणि जिलबीचे पुडे घेऊन उभे होते. जेसीबीच्या ड्रायव्हरसकट सगळ्यांनी विहिरीच्या कट्ट्यावर बसून खाल्लं.

रस्ता पुढच्या हिवाळ्यात वाहतुकीला खुला झाला. पहिल्याच रविवारी सोनिकाने शालिनीताईंना गाडीत घातलं. मिशनपाशी रस्ता किंचित वळसा घेत होता. तिथे एक तरुण जोडपं मोटारसायकल उभी करून कमानींकडे बघत होतं. बायको पोटुशी होती, सातवा तरी असेल.

"यहाँ क्या था?" ती नवऱ्याला विचारत होती. त्याला ठाऊक नव्हतं.

"गाडी थांबव गं," शालिनीताई म्हणाल्या, आणि दार उघडून, नेहमीच्या घाईने, त्या मुलीकडे चालू लागल्या.